खडकी ते वुलिच, व्हाया ग्रीनिच

लंडनला जाऊन आलेल्या माणसाला पुण्यात कुणी लंडनबद्दल विचारत नाही. विमानात झोप लागली का, थंडी बाधली नाही ना, आणि पोटाचं काय, एवढे तीन प्रश्न होतात. चौथ्या वाक्यापासून विचारणारा स्वतःच्या मेव्हण्याच्या न्यू जर्सीतल्या घराकडे वळतो. ते घर मी आता इतकं ऐकलंय की अंधारातही त्याचा जिना उतरेन. मी मात्र सहा महिन्यांच्या व्हिसातला बहुतेक काळ वसूल करून आलो होतो, आणि राजवाडा, घड्याळाचा मनोरा, मेणाचे पुतळे सोडून भलतंच काही पाहून आलो होतो. ते सांगायला खडकी बाजारात कुणी वाव देईना, म्हणून कागदावर सांगतो.

मी जन्माने खडकीचा आणि पोटाने अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीचा. ५ नोव्हेंबर १८१७ला पेशव्यांची फौज इथे लढाई हरली, इंग्रजांनी छावणी टाकली, १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना काढला, आणि त्या कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या घरातल्या पिढ्यांनी घड्याळं लावली. २०२१ साली देशातल्या सगळ्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या, आमची म्युनिशन्स इंडियात गेली. खडकीत अजून सगळे फॅक्टरीच म्हणतात.

मुलगी आणि जावई लंडनला. नव्या घराचा पत्ता तिने पाठवला: रॉयल आर्सेनल, वुलिच. दारूगोळ्यात जन्म काढलेल्या बापाची मुलगी सातासमुद्रापलीकडे जाऊन राहिली ती थेट तोफांच्या कारखान्यात! "बाबा, तिथे आता नुसते फ्लॅट आहेत," ती म्हणाली. माझा विश्वास बसेना. लष्कराची जागा लष्कर सोडतं, ही गोष्ट कॅन्टोन्मेंटात वाढलेल्या माणसाला पटायला वेळ लागतो.

सामान भरताना पहिलं भांडण तुपावरून झालं. ब्रिटनच्या नियमांप्रमाणे आपल्याकडून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. मांसाचा प्रश्नच नव्हता. "म्हणजे तूप काय बॉम्ब आहे?" असं हिने मला विचारलं, मीच तो नियम केला असावा अशा आवाजात. शेवटी मेतकूट, गोडा मसाला, कुरडया, आमसुलं आणि नातवासाठी लाकडी भोवरा एवढ्यावर तेवीस किलो भरले. हीथ्रोवर आमच्या बॅगांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हापासून "तूप आणलं असतं तरी चाललं असतं" हे वाक्य मी प्रत्येक जेवणात ऐकलं. तूप वुलिचच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होतं, पण तो मुद्दा नव्हता.

पहिल्याच सकाळी पोह्यांची फोडणी पडली आणि छतावरून कानठळ्या बसवणारा आवाज सुरू झाला. आता फॅक्टरीतल्या माणसाचं शरीर डोक्याला विचारत नाही. भोंगा झाला की हातातलं खाली ठेवायचं, दाराकडे चालायचं, पळायचं नाही, लिफ्ट घ्यायची नाही, मोकळ्या जागेत जाऊन उभं राहायचं. मी जिन्याने उतरलो आणि बंडी-लेंग्यावर इमारतीसमोरच्या हिरवळीवर शिस्तीत उभा राहिलो. इतर रहिवासी येतील, कुणीतरी डोकी मोजेल, अशी वाट पाहत होतो. कुणीही आलं नाही. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंनी "लवली मॉर्निंग" म्हटलं. मग वरच्या गॅलरीतून मुलगी ओरडली, "बाबा, मोहरी होती ती!" त्या दिवसापासून आमच्या घरी फोडणी ही दोन माणसांची कामगिरी झाली. ही कढईपाशी, आणि जावईबापू त्या धूर हुंगणाऱ्या यंत्राखाली टॉवेल फिरवत. संगणकातली मोठी पदवी घेतलेला मुलगा; पण हिंग पडेपर्यंत हलत नसे.

मराठी माणसाच्या चुलीचा हा प्रश्न विलायतेत जुना आहे. १७८१ साली राघोबादादांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलाला लंडनला धाडलं, सोबत मणियार आडनावाचे पारशी बापलेक. सोवळं सांभाळणाऱ्या गृहस्थाला लंडनमध्ये स्वैपाकाला जागा मिळेना. एडमंड बर्क हा पार्लमेंटातला नामांकित वक्ता. त्याने या मंडळींना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. पूजा तिथे, चूलही तिथे. ज्या काचघरात बर्कसाहेबाची झाडं थंडीपासून जपायची तिथे मराठी दौलतीचा वकील भात शिजवत बसला असेल, ते पाहायला मी पौंड मोजून तिकीट काढलं असतं. मायदेशी परतल्यावर त्यांना समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त घ्यावं लागलं ते वेगळंच. आमच्यावर तशी वेळ आली नाही. आम्हाला फक्त सोसायटीत पेढे वाटायला लागले.

आणि आपण सहा महिन्यांचं कौतुक सांगतो! रंगो बापूजी गुप्ते तिथे चौदा वर्षं राहिले. प्रतापसिंह छत्रपतींना इंग्रजांनी १८३९ साली साताऱ्याच्या गादीवरून उतरवलं, त्यांची कैफियत मांडायला हा माणूस लंडनला गेला. १८४७ साली महाराज काशीत वारले, १८४८ साली सातारचं राज्यच खालसा झालं, तरी रंगो बापूजी १८५३पर्यंत अर्ज, सभा, भाषणं करत राहिले. त्या काळी व्हिसा लागत नव्हता. मिळत काही नव्हतं, तेही तेव्हापासूनच. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी प्रतापसिंह आणि रंगो बापूजींवर लिहिलेलं जाडजूड पुस्तक मी सोबत नेलं होतं. जावयाच्या आरामखुर्चीत, खिडकीबाहेर पाऊस, हातात चहा, आणि समोर साताऱ्याचा लंडनमधला पराभव: याहून इंग्रजी दुपार असू शकत नाही.

उन्हाची गोष्ट कुणी आधी सांगितली नव्हती. म्हणजे थंडीची सगळ्यांनी सांगितली. स्वेटर, कानटोपी, लोकरी मोजे, सगळं घेऊन आम्ही गेलो आणि जूनमध्ये सूर्य मावळायलाच तयार होईना. साडेनऊला मावळायचा, दहापर्यंत उजेड. हिची पंचाईत झाली, कारण तिन्हीसांजेला दिवा लावायचा तर तिन्हीसांजा झोपेच्या वेळी. सात वाजता लावावा तर बाहेर टळटळीत ऊन. काही दिवस देवांना खडकीच्या वेळेवर ठेवलं. म्हणजे लंडनच्या दुपारी अडीच-तीनला दिवेलागण. नातू शाळेतून येताना शुभंकरोति म्हणतच दारात शिरायचा. संकष्टीला तर खरी परीक्षा. चंद्रोदय मध्यरात्रीच्या आसपास, आणि आकाशात ढग. मोदक समोर, चंद्राचा पत्ता नाही, आणि इमारतीतले सगळे गाढ झोपलेले. त्या उन्हाळ्यात हिने उपवास पंचांगावर सोडले, आकाशावर नाहीत.

रस्ता ओलांडणं हा दुसरा धडा. आम्ही जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या काठी वाढलेली माणसं. डोळ्याने वाहनवाल्याचा अंदाज घ्यायचा, हात दाखवायचा आणि देवाचं नाव घेऊन पाऊल टाकायचं, एवढी आमची विद्या. तिथे पांढऱ्या पट्ट्यांपाशी मी गाडी जायची वाट पाहत उभा, आणि गाडी माझी वाट पाहत उभी. मी हाताने सांगे, "व्हा पुढे." तो हाताने सांगे, "आपण आधी." मागे चार गाड्या, एक लाल बस, हॉर्न एकाचाही नाही. त्या शांततेचं दडपण येऊन मी शेवटी धावतच पलीकडे जाई. या पट्ट्यांशेजारी खांबावर नारिंगी गोळा लुकलुकत असतो, त्याला १९३४ सालच्या वाहतूक मंत्र्याचं नाव आहे, बेलिशा. आपल्याकडे मंत्र्याचं नाव पुलाला देतात आणि तो मंत्री उद्घाटनाला गाडीतून येतो. बेलिशाने पायी चालणाऱ्याची सोय केली आणि त्याचं नाव दिव्याला राहिलं.

वुलिचला भाषेची अडचण येईल असं वाटलं होतं. आली, पण इंग्रजीची नाही. खडकीत मराठी, तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी असं सगळं कानावर घेऊन वाढलेल्या माणसाला वुलिचचा बाजार परका वाटत नाही. भाजीवाला अफगाण, न्हावी तुर्की, कापडवाली नायजेरियन, आणि बाकांवर नेपाळी. गोरखा पलटणींतून निवृत्त झालेली ही मंडळी. जुन्या गोरखा सैनिकांना ब्रिटनमध्ये राहायचा हक्क मिळावा म्हणून मोठी चळवळ झाली, जोआना लम्ली ही नटी त्यात पुढे होती, आणि २००९ साली सरकार नमलं. त्यानंतर आलेले हे आजी-आजोबा चौकातल्या बाकांवर ऊन खात बसतात. डोक्यावर टोपी, हातात माळ. मी शेजारी बसलो. एका आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "कौन सी पलटन?" पलटण नाही, फॅक्टरी, असं सांगितल्यावर ते जरा निराश झाले, पण सरकून जागा दिली. इंग्रजांच्या राजधानीत माझी पहिली मैत्री झाली ती हिंदीत, जुन्या सिनेमांवर. समोरच्या पोविस स्ट्रीटवर १९७४ साली ब्रिटनमधलं पहिलं मॅकडोनाल्ड उघडलं, हे त्यांनीच मला दाखवलं, राष्ट्रीय स्मारक दाखवावं इतक्या गांभीर्याने.

आता आर्सेनल. १७१६ साली लंडनच्या मूरफील्ड्स भागात तोफ ओतताना स्फोट झाला, माणसं मेली. त्यावर सरकारने ठरवलं की हा उद्योग शहराबाहेर आणि आपल्या हाताखाली हवा, आणि १७१७ साली वुलिचला नदीकाठी पितळी तोफांची ओतशाळा उभी राहिली. खडकीच्या लढाईच्या बरोबर शंभर वर्षं आधी. पुढे तिसऱ्या जॉर्जने १८०५ साली जागेला रॉयल आर्सेनल नाव दिलं. पहिल्या महायुद्धात इथे ऐंशी हजारांच्या आसपास माणसं कामाला होती. १९६७ साली कारखाना बंद झाला. ओतशाळा अजून उभी आहे, आणि बाकीच्या बऱ्याच जुन्या इमारतींत लोक राहतात. पूर्वी जिथे तोफेच्या नळ्या तपासत तिथे आता कुणीतरी योगासनं करतं आणि खाली कॉफी मिळते.

मला मात्र तिथे मोकळेपणाने फिरता येईना. आमच्या फॅक्टरीत गेटवर झडती व्हायची. खिशात काडेपेटी सापडली तर त्या माणसाचं काही खरं नव्हतं. इतकी वर्षं मी गेटपाशी सवयीने खिसे चाचपत आलो. आर्सेनलच्या कमानीतून आत शिरताना हात आपोआप खिशाकडे गेला. आतल्या एका पबात बसलो तर टेबलावर पेटती मेणबत्ती! मी ती फुंकून विझवली. वेटरने पुन्हा लावली. मी पुन्हा विझवली. तिसऱ्या वेळी जावयाने त्याला बाजूला घेऊन माझी नोकरी समजावली, आणि त्याने हसत मेणबत्ती शेजारच्या टेबलावर नेली. मी तिच्याकडे पाठ करून बसलो.

नदीकडे जाणाऱ्या वाटेवर ओतीव लोखंडाची पोकळ माणसं उभी आहेत. पीटर बर्क या शिल्पकाराचं काम. कुठल्या वीराचे हे पुतळे नाहीत. आत काही नाही, नुसता आकार. संध्याकाळच्या उजेडात शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर जरा रेंगाळणारे लोक असतात ना, तसे ते दिसतात. आमच्या हिला ते भयंकर वाटले. मला वाटलं, इथे कुणीतरी एकदाचा कामगारांचा पुतळा केला. त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर ड्यूक ऑफ वेलिंग्टन अ‍ॅव्हेन्यू आहे. म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा तोच वेलस्ली. मुलीच्या ओळखीच्या एका मराठी घरचा साबुदाणा दर महिन्याला त्याच्या नावाच्या रस्त्यावर येतो आणि चतुर्थी-एकादशीला भिजतो. असईचा निकाल त्याने बदलत नाही, पण बरं वाटतं.

तिथे डायल स्क्वेअर नावाचं जुनं दार आहे, वर सूर्यघडी. त्या भागातल्या कामगारांनी १८८६ साली वर्गणी काढून चेंडू घेतला आणि फुटबॉलचा संघ केला. पुढारी डेव्हिड डॅन्स्किन हा स्कॉटिश कामगार. त्या डिसेंबरात नदीपलीकडे जाऊन पहिला सामना ६-०ने जिंकले. लाल सदरे नॉटिंगहॅम फॉरेस्टने दिले, म्हणजे तेही दान. तोच आजचा आर्सेनल क्लब. १९१३ साली तो उत्तर लंडनला गेला आणि वुलिच मागे राहिलं. नातवाच्या खोलीत आर्सेनलच्या खेळाडूंची चित्रं आहेत. त्याला मी म्हणालो, "हे तुझ्या आजोबांसारख्या लोकांनी काढलंय." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. माझी पोटरी पाहून त्याला शंका आली असावी.

मग मी त्याला खडकीची गोष्ट सांगितली. आमच्याकडे फुटबॉलच्या जागी हॉकी. धनराज पिल्ले १९६८ साली खडकीत जन्मला. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत मैदानाची देखभाल करत. मोडक्या स्टिका दोरीने बांधून ही पोरं कॉलनीच्या मैदानावर खेळली. तोच धनराज चार ऑलिंपिक खेळला, आणि १९९८ साली बँकॉकच्या एशियाडमध्ये त्याच्या कप्तानीखाली भारताला बत्तीस वर्षांनी सुवर्ण मिळालं. दारूगोळ्याच्या कारखान्याने जगाला काय दिलं याचा हिशेब कुणी करायला बसलं तर वुलिचच्या खाती फुटबॉल आणि खडकीच्या खाती हॉकी लिहावी लागेल, आणि माझ्या मते दोन्हीकडे हाच माल सगळ्यांत टिकाऊ निघाला. फरक एवढाच की वुलिचच्या डायल स्क्वेअरला फुटबॉलचे भक्त येऊन फोटो काढतात. खडकीच्या मैदानावर धनराजचं मैदान कुठलं असं विचारत आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

खडकीत परदेशी लोक येतात ते वॉर सिमेट्रीत. दुसऱ्या महायुद्धातले दीड हजारांहून अधिक सैनिक तिथे आहेत, शिवाय पहिल्या महायुद्धातल्यांचं स्मारक. नातू-पणतू येतात, नाव शोधतात, फुलं ठेवतात, रिक्षावाल्याला सांगितलेलं भाडं देतात. ते आजोबांना शोधायला इकडे येतात, आम्ही नातवंडांना भेटायला तिकडे जातो. विमानं दोघांनाही तीच.

ग्रीनिच वुलिचपासून बसने जवळ. तिथल्या वेधशाळेच्या अंगणात शून्य रेखांशाची पट्टी आहे, आणि तिच्यावर एक पाय पूर्वेला, एक पाय पश्चिमेला ठेवून फोटो काढायला रांग. त्यासाठी तिकीट आहे. तीच रेषा भिंतीबाहेरच्या पायवाटेवर पुढे येते, तिथे तिकीट नाही. आम्ही अर्थातच बाहेरच्या रेषेवर उभे राहिलो. जावयाने फोन काढून रेखांश पाहिला तर शून्य येईना. खरं शून्य, उपग्रहांच्या हिशेबाने, तिथून १०२ मीटर पूर्वेला बागेत आहे. जिथे काहीच खूण नाही, एक कचरापेटी आहे, आणि फुकट आहे. आम्ही तिकडेही गेलो.

वेधशाळेच्या छतावर लाल गोळा आहे. १८३३पासून दररोज दुपारी एकला तो खांबावरून खाली पडतो. नदीतल्या जहाजांनी त्यावर घड्याळं लावावीत म्हणून ही सोय. एकला पाच मिनिटं असताना तो अर्ध्यावर चढतो, दोन मिनिटं असताना टोकाला, आणि मग खाली. भोवतालचे लोक फोन वर धरून उभे होते. मी मनगटावरचं घड्याळ काढून सेकंदकाटा जुळवला, आयुष्यभराची सवय. नंतर कळलं की उन्हाळ्यात ब्रिटनची घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणजे वर्षातले सुमारे सात महिने खुद्द ग्रीनिचलाच ग्रीनिचची वेळ चालत नाही. आमचा भोंगा तरी वर्षभर एकच वेळ सांगायचा.

एवढ्या मोठ्या प्रवासातली माझी सगळ्यांत आवडती जागा विचाराल तर वुलिचची बोट. पौंडाला शंभराहून जास्त रुपयांनी गुणायची खोड लागलेल्या माणसाला लंडन चालू देत नाही. केस कापणं म्हणजे तिकडे घरगुती समारंभाचा खर्च; मी पाच महिने हिच्या हातून कापून घेतले आणि त्याबद्दल बोलणार नाही. पण थेम्स ओलांडणारी वुलिचची फेरी फुकट आहे. २३ मार्च १८८९पासून फुकट आहे. पश्चिम लंडनमधल्या पुलांवरचे टोल सरकारने उठवले, तेव्हा पूर्वेकडच्या लोकांनी विचारलं की पूल तिकडे, कर आमचाही, मग आम्हाला काय? त्यावर ही बोट मिळाली. माणसं, मालमोटारी, सायकली, सगळं घेते. आत्ताच्या दोन बोटींपैकी एकीला दुसऱ्या महायुद्धातली गायिका वेरा लिन हिचं नाव आहे. पाच-दहा मिनिटांत पलीकडे, मग उतरायचं, पुन्हा रांगेत उभं राहायचं, परत यायचं. दुपारी मी आणि गोरखा आजोबा मिळून जायचो. पलीकडे आम्हाला काहीही काम नव्हतं. "फिर चलें?" ते विचारायचे. आम्ही जायचो.

लंडनला जाणार असाल तर राजवाडा पाहा, हरकत नाही, पण एक दिवस एलिझाबेथ लाइनने वुलिचला उतरा. आर्सेनलच्या कमानीतून नदीपर्यंत चाला, डायल स्क्वेअरची सूर्यघडी पाहा, मग बोटीत बसा. धुकं पडलं किंवा दुरुस्ती निघाली की बोट बंद असते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. आणि बंद असली तरी निराश होऊ नका: शेजारीच नदीखालून पायी जायचा बोगदा आहे, १९१२ सालचा. तोही फुकट.